मैनाआत्याचं कलम

मैनाआत्या माणसाला आधी जेवलास काय म्हणून विचारते आणि उत्तर यायच्या आत शिवी घालते. शिवी कशाबद्दल ते मागाहून कळतं. कधी आपण उशिरा आलेलो असतो, कधी लवकर, कधी चपला अंगणात आडव्यातिडव्या काढलेल्या असतात. लहानपणी मला वाटायचं, हिला आपण मुळीच आवडत नाही. मग एकदा मला ताप आला तेव्हा ती तीन दिवस उशाशी बसून होती आणि तिन्ही दिवस तापाला शिव्या घालत होती. तेव्हा कळलं की बाईचं बोलणंच असं आहे.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. केळशीच्या अलीकडे आमची वाडी, आणि तिथून चालत वीस मिनिटांवर तिचं घर. तिचा नवरा धोंडू मुंबईला खानावळीत कामाला होता, तो तिकडेच काविळीने गेला. आत्या तेव्हा तीस-बत्तीसची असेल. मूलबाळ नव्हतं. सगळे म्हणाले, माहेरी ये. ती आली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिने हापूसची सात कलमं विकत आणली आणि घरामागच्या कातळात लावली. कातळात लावली हे लिहायला सोपं आहे. एकेक खड्डा तिने पहारीने फोडला, त्यासाठी दुसऱ्यांच्या शेतातून डोक्यावरून माती आणली आणि पुढचे तीन उन्हाळे विहिरीवरून घागरीने पाणी घातलं. त्या विहिरीला चौसष्ट पायऱ्या आहेत. मी मोजल्या आहेत, कारण शाळेला सुट्टी लागली की दुसरी घागर माझ्या डोक्यावर असायची.

कलमं धरायला लागली तरी तिने बाग कधी व्यापाऱ्याला करारावर दिली नाही. स्वतः झेला घेऊन, म्हणजे काठीच्या टोकाला लावलेली जाळी घेऊन, एकेक आंबा उतरवायचा, गवतात पिकवायचा आणि पाटी घेऊन दापोलीच्या स्टँडबाहेर बसायचं. गिऱ्हाइकाने आंबा दाबून बघितला की ती त्याच्या हातावर चापट मारायची. तरी लोक तिच्याकडेच यायचे. सात कलमांवर एक बाई चाळीस वर्षं कुणापुढे हात न पसरता जगली. गावात याचं कौतुक करणारे बरेच होते आणि मदत करणारे कमी. मी कौतुक करणाऱ्यांतला.

दोन हजार वीस साली ती सत्तरीला आलेली होती आणि तिचे डोळे गेल्यात जमा होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याला नुसता उजेड कळायचा, डाव्याला माणसाचा आकार. दापोलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. त्यासाठी तिने पंधरा हजार बाजूला काढलेही होते, पण मार्चमध्ये लॉकडाऊन लागून सगळं बंद झालं आणि ऑपरेशन राहिलं. माणूस ती आवाजावरून ओळखायची आणि कलमं हाताने.

मी भांडुपला एका गॅरेजमध्ये होतो. मे महिन्यात गॅरेजला कुलूप लागलं. मालकाने होता तो हिशोब करून हातात एकवीस हजार ठेवले, आणि मी इतर चौदा जणांबरोबर एका भाजीच्या टेंपोतून गावी आलो. चौदा दिवस विलगीकरणात शाळेत ठेवलं होतं. तिथून सुटून घरी आलो आणि चार दिवसांनी, तीन जूनला, चक्रीवादळ आलं.

त्या वादळाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी ते बघितलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांना मी काही सांगितलं तरी वाढवून सांगतोय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाडीतून केळशीची घरं दिसत होती एवढंच लिहितो. मधली सगळी झाडं आडवी झाली होती. घरांवर माड, रस्त्यावर सुरूची झाडं, विहिरीत फणस. वीज गेली ती महिनाभर आली नाही आणि फोन तर लागतच नव्हते.

गावात झाडं कापायला होत्या कुऱ्हाडी, कोयते आणि दोन हातकरवती. मी गॅरेजवाला माणूस. चार घरांवरचे माड उतरवताना हातांना फोड आले तेव्हाच डोक्यात आलं, मशीन पाहिजे. चेनची मशीन. ज्याच्याकडे ती असेल त्याला वर्षभर काम आहे. खोटं कशाला बोलू, लोकांची दैना बघून वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी मनात आकडेही पडत होते.

दापोलीला हारुनभाईंचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. मोटारसायकलवरून, वाटेत तीनदा गाडी उचलून झाडांवरून पलीकडे टाकत, मी तिथे पोचलो. दुकानाचे पत्रे उडाले होते. हारुनभाई ताडपत्रीखाली तोंडाला रुमाल बांधून बसले होते. त्यांच्याकडे दोनच मशिनी उरल्या होत्या. एक नवी, सोळा इंची पात्याची, एकोणीस हजारांना. दुसरी जुनी, जंगलच्या ठेकेदाराने विकायला ठेवलेली, सत्तर सीसीची, चोवीस इंची पातं. तिचे छत्तीस.

"तुझं बजेट काय?" हारुनभाईंनी विचारलं.

"एकवीस."

"मग विचार कसला करतोस? ही सोळा इंची घे. राहिलेल्या पैशात ऑइल, एक जास्तीची चेन आणि कानस येईल. फांद्या, माड, सुरू, सगळं होतं हिच्यात. मोठ्या खोडाला दोन्ही बाजूंनी कापायचं, थोडा वेळ जास्त लागतो."

मी मोठी मशीन सुरू करून बघायला मागितली. त्यांनी दिली. दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला ती पेटली, आणि जो आवाज झाला तो माझ्या छातीत शिरला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या आहेत त्यालाच हे कळेल. दुकानामागे पडलेल्या एका जांभळाच्या खोडाला मी पातं लावलं, तर ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. सोळा इंचीकडे त्यानंतर मी वळूनही पाहिलं नाही.

"अनिल," हारुनभाई म्हणाले, "मोठ्या मशीनला मोठं काम लागतं. तुझ्याकडे रोज कुठून येणार मोठं काम? घे तू, मला विकायचीच आहे. पण उद्या मला बोल लावू नकोस."

मी एका दिवसाची मुदत मागितली आणि तडक आत्याकडे गेलो.

तिच्या सातांतली तीन कलमं पडली होती. दोन लहानखुरी, ती वाडीतल्या माणसांनी दोर लावून उभी करून दिली होती. तिसरं सगळ्यात मोठं. विहिरीच्या बाजूचं, एकट्याने पाच-सहाशे आंबे देणारं, ते कुंपणाच्या दगडी गडग्यावर आडवं पडलेलं होतं. पण ते उपटलेलं नव्हतं. अर्धी मुळं वर आली होती आणि अर्धी अजून मातीत होती. असं कलम वाचतं हे आमच्याकडे कुणालाही माहीत आहे. फांद्या उतरवून भार हलका करायचा, मागे खड्डा सैल करायचा, चेनपुली लावून ओढायचं, टेकू द्यायचा आणि मुळं मातीत बुजवायची. आठ-दहा माणसं आणि दोन दिवस. वाडीतले यायला तयार होते. अडलं होतं ते फांद्यांपाशी. एवढ्या फांद्या कोयत्याने उतरवायला आठवडा गेला असता.

आत्या उघड्या मुळांपाशी बसली होती. तिने त्यांच्यावर गोणपाट टाकून पाणी मारलेलं होतं.

"कोण? अन्या? जेवलास काय? मेल्या, चार दिस झाले, तुला आता वाट गावली?"

मी तिला मशीनचं सांगितलं. मशीन आली की तुझ्या फांद्या अर्ध्या दिवसात उतरवतो म्हटलं. ती म्हणाली, "मंग आन की."

"छत्तीस हजारांची आहे, आत्या. माझ्याकडे एकवीस आहेत."

एकोणीस हजारांची दुसरी मशीन तिथे पडून आहे, तिच्या फांद्या त्या मशीनने आरामात उतरतील आणि तिच्या एका पैशाचीही गरज नाही, हे मी बोललो नाही. ती न बोललेली वाक्यं आजही मला तोंडपाठ आहेत.

आत्या उठली, भिंत चाचपत आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली.

"डोळ्यांचे हायत. डोळे काय, पावसानंतर बगू. पन एक सांगतंय. पयला माजा कलम. मंग गाव."

"परवा येतो," मी म्हणालो.

परवा म्हणजे नऊ जून. मी गेलो सत्तावीसला.

मधल्या दिवसांचा जाब मला कुणी विचारला नाही, म्हणून मीच देतो. दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन परत येताना रस्ता मोकळा करणाऱ्या ठेकेदाराने हात केला. दिवसाला अडीच हजार. मी म्हटलं, आजचा दिवस. मग एका घरावरचा माड, घरात म्हातारा आजारी. मग शाळेवरचं झाड. प्रत्येक काम खरंच अडलेलं होतं, आणि प्रत्येक काम म्हणजे रोख पैसे होते. आत्याचं काम तेवढं फुकटचं होतं, म्हणजे त्याचे पैसे मी आधीच घेऊन बसलो होतो. घरचं काम आहे, दोन दिवस इकडेतिकडे चालतं, असं मी स्वतःला सांगत होतो. रोज संध्याकाळी ठरवायचं, उद्या नक्की. मशीनवर हात बसत चालला होता, लोक पाणी आणून देत होते, पोरं बघायला जमत होती. भांडुपला मला कुणी कधी बघायला जमलं नव्हतं.

एकच गोष्ट आतून खुपत होती. चोवीस इंची पात्याला साजेल असं खोड काही मिळत नव्हतं. माड, सुरू, फांद्या. हारुनभाईंचं म्हणणं खरं होत होतं आणि त्याचा मला राग येत होता.

अकरा-बारा जूनच्या सुमारास पाऊस लागला. त्या पावसाने आत्याच्या कलमाची मुळं ओली ठेवली. पाऊस नव्हता त्या दिवशी ती स्वतः विहिरीवरून पाणी आणून गोणपाटावर घालत होती. सत्तर वर्षांची, दिसत नाही, चौसष्ट पायऱ्या. हे मला नंतर शेजारच्या तुळसावहिनींनी सांगितलं. टोमणा मारून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सहज सांगितलं.

सव्वीस तारखेला मंडणगडकडचा एक वखारवाला भेटला. आंब्याची मोठी खोडं तो खोक्यांच्या फळ्यांसाठी उचलत होता. म्हणाला, टेंपो उद्या तुमच्या बाजूलाच आहे, एखादं दांडगं खोड असेल तर सांग. कापायचे तुला वेगळे देतो. मी म्हटलं, बघतो. मनात मी तेव्हाच बघितलं होतं.

सत्तावीसला सकाळी मी आत्याकडे गेलो. टेंपो वरच्या रस्त्यावर उभा होता. आत्याने आवाज ओळखला.

"आलास?" एवढंच म्हणाली. शिवी नाही, जेवलास काय नाही. मला शिवी हवी होती.

वाडीतली माणसं आपापल्या घरांचे पत्रे बसवत होती. त्यांना गोळा करायचं म्हणजे दोन-तीन दिवस गेले असते आणि पलीकडच्या गावात माझी कामं ठरलेली होती. आत्या गडग्याला धरून कलमापाशी आली आणि तिने खोडावर हात ठेवला.

"येवडे दिस गेले. जीव हाय काय बग बरा त्याच्यात. मना दिसत नाय. साल खरवडून बग."

झाड जिवंत आहे का ते असंच बघतात. साल जराशी खरवडायची. खाली हिरवं आणि ओलं लागलं तर जिवंत, काळपट सुकं लागलं तर गेलं. मी कोयत्याच्या टोकाने बुंध्याजवळ खरवडलं. हिरवं होतं. नुसतं हिरवं कसलं, पाणी सुटलं होतं.

"काय दिसताय रे?"

वरच्या रस्त्यावर टेंपोने हॉर्न वाजवला.

"काळी पडलीय, आत्या," मी म्हणालो. "सुकली."

"नीट बग. वर बग, फांदीजवळ."

मी फांदीजवळ खरवडलं. तिथेही हिरवं.

"तिथेपण तसंच आहे."

टेंपो, पलीकडची कामं, माणसं जमत नव्हती, ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा ऐकवली. खरं कारण त्याहून हलकं आहे. त्या दिवसापर्यंत माझं पातं पुरतं बुडेल असं खोड मला मिळालं नव्हतं, आणि हे समोर होतं. तिचे डोळे दुरुस्त व्हायचे पैसे माझ्या हातातल्या मशीनमध्ये होते, म्हणून तिला साल दिसत नव्हती. हेही त्या क्षणी मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

आत्याने खोडावरचा हात काढला.

"मंग काप," म्हणाली आणि घरात गेली.

फांद्या उतरवायला तासभर गेला. मग खोड. वखारवाल्याला लांब ओंडका हवा होता, म्हणून मी अगदी बुडाशी पातं लावलं, जिथे हापूस खालच्या रायवळ बुंध्याला जोडलेला असतो त्या सांध्याच्याही खाली. पातं पूर्ण बुडालं. भुसा ओला येत होता आणि चिकाचा वास सगळीकडे पसरला होता. मला आनंद होत होता, हे लिहिलंच पाहिजे. मशीन मोठी का घेतली त्याचं उत्तर मिळाल्यासारखं वाटत होतं.

खोड सुटलं आणि जे झालं ते मी कधी बघितलं नव्हतं. वरचा भार गेला तसा बुंधा, मुळं आणि मातीचा सगळा गड्डा हलला आणि धप्पकन खड्ड्यात परत बसला. उभा. मुळं मातीत गेली. कुणी ओढलं नाही, टेकू दिला नाही. वीतभर उंचीचा बुंधा मूळ जागी सरळ उभा राहिला.

आवाज ऐकून आत्या पडवीत आली. "काय झाला?"

"काही नाही. ओंडका पडला."

ती खाली आली. चाचपत बुंध्यापाशी बसली आणि कापलेल्या तोंडावरून तिने हळूहळू हात फिरवला. मग बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली आणि पातळाला पुसली. ती उठली आणि म्हणाली, "जेवून जा."

मी जेवलो नाही. खोडाचे सगळे पैसे मी तिच्या हातावर ठेवले, एक रुपया मागे ठेवला नाही. हे मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे, कुणी विचारलेलं नसताना. वखारवाल्याने कापायचे म्हणून जे वेगळे दिले ते मात्र खिशात घातले. ते कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर माझं बरं चाललं. पंधरा हजार मी दिवाळीच्या आत परत केले. मशीनवर घर शाकारलं, भाचीच्या लग्नाला हातभार लावला. तालुक्यात कुठेही झाड आडवं झालं की लोक मला बोलावतात. आत्याकडे मात्र मी सणावारी, दहा मिनिटांपुरता, पोरांना पुढे करून जायचो. बसायचो पडवीत. मागच्या बाजूला जायचं टाळायचो. ती जेवलास काय विचारायची. शिव्या कमी झाल्या होत्या. बायको म्हणायची, म्हातारपणी सुधारल्या तुमच्या आत्या.

तिचं राहून गेलेलं ऑपरेशन दोन वर्षांनी दापोलीतल्या डोळ्यांच्या शिबिरात झालं. आत्याला मीच गाडीवरून नेलं. पट्टी काढली तेव्हा समोर मीच होतो. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "जाडा झालास." मला हसू आलं, आणि लगेच मनात आलं. आता ही घरी जाणार आणि मागे जाऊन बघणार.

आठच दिवसांनी तुळसावहिनींच्या फोनवरून तिचा फोन आला. "येऊन जा."

गेलो. तिने सरळ मागे नेलं. बुंध्याला चार धुमारे फुटलेले होते, माझ्या कमरेएवढे. तांबूस कोवळी पानं. आत्या पाटावर बसावी तशी गडग्यावर बसली.

"तू बोल्लास, मेला. मंग ह्या काय?"

काहीतरी सांगता आलं असतं. मुळात थोडा जीव राहिला असेल, पावसाने धरलं असेल. झाडांच्या बाबतीत असं होतंही. ती वाक्यं मी वाटेत तयार करून आणली होती. पण ती डोळ्यांनी बघत होती, आणि त्या डोळ्यांपुढे मला ते जमेना.

"हिरवी होती, आत्या," मी म्हणालो. "दोन्हीकडे हिरवी होती. मी बघितली होती."

मग मी बोलत सुटलो. टेंपो, वखारवाला, सोळा इंची मशीन, सगळं सांगितलं. माफ कर म्हणालो. पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

"मना म्हायत होता," ती म्हणाली. "हाताला चीक लागला तवाच कललेला. मेल्या झाडाला चीक येतो काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? कापून झालेला. कापायला कोन पन भेटला असता रे. मी तुला बगायला बोलावलेला."

त्या दिवशी ती मला घेऊन घरात गेली आणि तिने जेवायला वाढलं. कुळथाची पिठी, भात, वर सुकटीची चटणी. मी रडत जेवलो. तिने आणखी भात वाढला आणि चटणी खारट झाली म्हणून सुकटीला शिवी घातली. माझं ओझं उतरलं असं मला वाटलं. माणूस किती लवकर स्वतःला माफ करायला बघतो.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, हे धुमारे रायवळ आहेत, त्यांचा काही उपयोग नाही. एक ठेवून बाकीचे काढू आणि त्यावर तुझ्याच दुसऱ्या कलमाची काडी बांधू. पाच-सहा वर्षांत हापूस धरेल. मी करतो सगळं.

"रघू करंल," आत्या म्हणाली.

रघू तिच्या वाडीतला, कलमं बांधतो. मी म्हटलं, बरं, रघूबरोबर मी येतो.

"तू नको. तू घरात ये. कंदी पन ये, जेव, ऱ्हा. माज्या कलमांना हात नको लावूस."

रागाने म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. तिने ते मिठाचा डबा कुठे आहे हे सांगावं तसं सांगितलं.

याला आता तीन वर्षं होतात. रघूने बांधलेली काडी लागली, झाड पुरुषभर झालं आहे. मी महिन्यातून एकदा जातो, तांदूळ, गोळ्या, काय लागेल ते नेतो. आत्या पूर्वीसारखी शिव्या घालते. माझ्या पोरीला, सानवीला, बरोबर नेलं की आत्या तिला बागेत घेऊन जाते, झेला कसा धरायचा ते दाखवते. मी पडवीत बसतो.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा शेजारच्या मोठ्या कलमाची एक जाड फांदी त्या नव्या झाडावर सावली धरत होती, ती उतरवायचं काम चाललं होतं. रघू वर चढून हातकरवतीने कापत होता. मशीन माझ्या गाडीला बांधलेली होती, दुसरीकडून काम करून येत होतो. नेमाप्रमाणे बोलू नये हे मला कळत होतं, तरी तोंडातून गेलं.

"आत्या, दोन मिनिटांचं काम आहे गो. तो म्हातारा माणूस दमतोय."

"दमला तर बसंल," ती म्हणाली. "तू चाय पी."

तिने कप माझ्या हातात दिला आणि ती मागे गेली, सानवीचा हात धरून. तिथून तिचा आवाज येत होता. रघूला ती विचारत होती, साल कशी आहे, खाली काय दिसतंय, आणि रघू वरून सांगत होता, आणि मग ती स्वतः बघत होती. रघूला ती फांदी उतरवायला दीड तास लागला. तेवढा वेळ मी पडवीत बसून होतो.